अंड्यांचा डेपो, धुळे: वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाचे चार तारे

आबांच्या डेपोला ऑनलाइन कुणीतरी एक तारा दिलाय. खाली चार शब्द: "भाव जास्त. म्हातारा उर्मट." माझ्या मुलीने परवा मोबाइलवर दाखवलं आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही एवढी वर्षं तिथूनच घेता, तुम्ही पण लिहा. ज्याने लिहिलंय त्याचं काही चुकलेलं नाही. भाव जास्तच आहे. म्हातारा उर्मटच आहे. मला फक्त उरलेलं लिहायचंय.

आधी माझं सांगतो, म्हणजे वजन किती द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं भुर्जीचं दुकान आहे. २००४ ला गाडी लावली, २०१६ पासून दहा बाय बाराचा गाळा आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे धुळ्यात एकमेकांना कापतात, म्हणून रात्री आठनंतर माझ्याकडे निम्मे ड्रायव्हर-क्लीनर आणि निम्मी कॉलेजची पोरं. रोजच्या दोन पेट्या लागतात. पेटीत सात ट्रे, ट्रेत तीस, म्हणजे २१० अंडी. वर्षाला दीड लाखाच्या वर अंडी फोडतो मी. तेव्हा अंड्याच्या दुकानाबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे.

डेपो पाचकंदील बाजाराच्या मागच्या अंगाला आहे. पाटी नाही, शटर कायम अर्धं. दारात जमिनीवर चुन्याचा पांढरा पट्टा ओढलेला असतो, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. आत शिरलं की डाव्या हाताला शाळेतली असते तशी काळी पाटी. वर आजचा शेकड्याचा भाव. खाली बारीक अक्षरात 'माल:' आणि पुढे नवापूर, हैदराबाद, नाशिककडचा, जिथला असेल ते. भाव लिहिणारे धुळ्यात ढीगभर आहेत. माल कुठला ते लिहिणारा मी दुसरा पाहिलेला नाही. मीही पहिली दोन वर्षं ती खालची ओळ वाचत नव्हतो. अंडं ते अंडं, त्याला काय गाव असतं?

भावाचं म्हणाल तर शेकड्याचा दर रोज सकाळी एनईसीसीकडून, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीकडून येतो. 'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे'वाली हीच ती समिती, १९८२ ची. त्या दरावर वाहतूक, तूटफूट आणि स्वतःचं धरून प्रत्येक होलसेलवाला आपला आकडा लावतो. आबांचा आकडा बाजारापेक्षा शेकड्याला दहा-पंधरा रुपयांनी चढाच असतो. माझ्या खपाला धरलं तर दिवसाला चाळीस ते साठ रुपये जास्त जातात. महिन्याचं गॅस सिलिंडर त्यात आलं असतं, असं बायको दर महिन्याला सांगते.

आता या जास्तीच्या पैशात काय मिळतं?

एक डबा मिळतो. तेलाचा जुना पत्र्याचा डबा, आत पेटलेला बल्ब, बाजूला अंड्याचं टोक बसेल एवढं भोक. आबा दर पेटीतून हाताला येतील ती सात-आठ अंडी उचलतात आणि जाड टोक भोकाला लावून दोन बोटांनी हळू फिरवतात. अंडं आतून नारिंगी उजळतं. जाड टोकाला हवेची पोकळी दिसते. ताज्या अंड्यात ती अगदी पातळ, नाण्याएवढी. अंडं जसं जुनं होतं तसं कवचातून पाणी उडतं आणि ती पोकळी खोल होत जाते. कुठे तडा असेल तर पांढऱ्या केसासारखी रेघ चमकते, बाहेरून बघितलं तर काही दिसत नाही. नंतर दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवतात. चांगल्याचा आवाज टणक येतो, तडकलेल्याचा भद्द. हे सगळं होईपर्यंत तुम्ही उभं राहायचं. बसायला स्टूल नाही. "आबा, उशीर होतोय" म्हणालात तर तुमची पेटी शेवटी तपासली जाते. उर्मट म्हणतात ते यालाच.

आता २००६.

तेव्हा माझ्या गाडीला दोन वर्षं झाली होती आणि बहुतेक माल नवापूरचा होता. आपल्याकडून शंभरेक किलोमीटर. साक्री, दहिवेल, कोंडाईबारीचा घाट उतरलं की विसरवाडी आणि पुढे नवापूर. अर्धं रेल्वे स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये असलेलं ते हेच. पोल्ट्र्यांचं गाव. जानेवारीच्या शेवटापासूनच तिकडे कोंबड्या मरतायत असं कानावर होतं. सगळे म्हणत होते, मानमोडी आहे. मानमोडी दर थोड्या वर्षांनी येते, कोंबडीची मान वाकडी होते, शेतकरी लस देतो, नुकसान सोसतो, पुढे जातो. टेम्पो येत होता, भाव थोडा उतरला होता, मी खूश होतो.

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार. भोपाळच्या प्रयोगशाळेतून निकाल आला होता, बर्ड फ्लू. एच-५-एन-१. भारतात पोल्ट्रीमध्ये पहिल्यांदा, आणि तो आमच्या नवापुरात. संध्याकाळी टीव्हीवर बातमी चालली आणि रात्री गाडीवर फक्त माशा होत्या. शनिवारची रात्र! एक ड्रायव्हर आला, कढईकडे बघितलं, म्हणाला, "भाऊ, शेवभाजी मिळेल का?" मी घरी फोन करून शेव मागवली. पुढचा पंधरवडा माझी भुर्जीची गाडी शेवभाजीवर चालली. खानदेशात जन्माला आल्याचा तेवढा एक फायदा.

माझ्या घरी चार पेट्या पडून होत्या. आबांकडे गोदामात नव्वदेक, सगळ्या नवापूरच्या. आणि त्यांचा टेम्पो तिकडे अडकलेला. बाधित पोल्ट्र्यांभोवती तीन किलोमीटरमधल्या कोंबड्या मारायचं काम सुरू झालं होतं, पांढरे सूट घातलेली माणसं, खड्डे, चुना. तिथून अंडं, कोंबडी, खाद्य, काहीच बाहेर पडू देत नव्हते. टेम्पो कितीतरी दिवस तिथेच उभा राहिला. ड्रायव्हर पोरगा रोज पीसीओवरून फोन करून रडायचा.

मी आबांकडे गेलो ते भांडायलाच. म्हटलं, पेट्या परत घ्या. मनात धरलं होतं की नाही म्हणतील, मग मी निम्म्या भावात कुणाला तरी देऊन टाकेन. टीव्हीवर सांगतच होते की नीट शिजवलेल्या अंड्याला धोका नाही, ७० अंशांवर विषाणू मरतो. तवा त्याच्या कितीतरी वर तापतो. मी तेच आबांना ऐकवलं: उकडून विकू, स्वस्तात जातील.

आबांनी माझ्या पेटीतला वरचा ट्रे उचलून उजेडात धरला. पुठ्ठ्याचा ट्रे. त्याच्या खळग्यांत वाळलेली शीट चिकटलेली, एक बारीक पीस. म्हणाले, अंडं तू शिजवशील. हे कुठे शिजवशील? हा ट्रे तुझ्याकडून माझ्याकडे येणार, माझ्याकडून टेम्पोत, टेम्पोतून दुसऱ्या पोल्ट्रीत. पुठ्ठा धुता येतो का?

माझ्या चारही पेट्या त्यांनी घेतल्या. पैसे वहीत जमा धरले. पशुसंवर्धनवाल्यांना स्वतः फोन केला आणि गोदामातला सगळा माल त्यांच्यासमोर गावाबाहेर खड्ड्यात घालून वर चुना टाकला. याची भरपाई त्यांना कुणी दिली नाही. भरपाईचं गणित पोल्ट्रीवाल्यापर्यंत येऊन थांबतं. त्यातही सरकारने मारलेल्या कोंबडीचे पैसे मिळतात, आधीच मेलेलीचे नाहीत. २०२१ मध्ये अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये आणि अंड्याला ३ रुपये असा दर होता. टेम्पोवाला, ट्रेवाला, होलसेलवाला, भुर्जीवाला यांचा कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो. तक्रार करत नाही, पद्धत सांगतोय.

चुन्याचा पट्टा तेव्हापासूनचा. टेम्पो आला की आधी टायरवर फवारा, मग पट्ट्याच्या आत. पुठ्ठ्याचे ट्रे गिऱ्हाइकाकडून परत घेणं बंद झालं ते कायमचं. प्लास्टिकचे परत घेतात, पण धुतलेले. घेतल्यावर ते पुन्हा सोड्याच्या पाण्यात, मग औषधाच्या ड्रममध्ये, मग गच्चीवर उन्हात. पावसाळ्यात ट्रे सुकत नाहीत म्हणून आबांनी प्लास्टिकच्या ट्रेंचे दोन वेगळे संच करून ठेवलेत. हा सगळा खर्च त्या दहा-पंधरा रुपयांत आहे हे मला उशिरा कळलं. आणि हो, हाफ फ्राय मी तेव्हा बंद केलं. पिवळं कच्चं राहतं त्यात. वर्षभराने परत सुरू केलं. पोरं ऐकत नाहीत.

२०२० बद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनाच माहिती आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरोना चिकनमधून होतो अशी आवई उठली. रोग माणसाचा आणि फटका कोंबडीला. पोल्ट्रीच्या दारात जिवंत कोंबडी दहा रुपये किलोवर आली. तिच्या खाद्याचाही पैसा त्यात निघत नव्हता, म्हणून लोकांनी पिल्लं खड्ड्यात पुरली. पाठोपाठ लॉकडाउन लागला. माझी कढई अडीच महिने उपडी होती. आबा त्या दिवसांत हातगाडीवर ट्रे घेऊन गल्लोगल्ली फिरले, सत्तरीच्या जवळ आलेला माणूस. मास्क नाकाखाली. त्याबद्दल तारा कापायचा असेल तर कापा.

माझं आणि आबांचं खरं वाजलं ते जानेवारी २०२१ ला.

बर्ड फ्लू पुन्हा आला होता. आधी केरळ, राजस्थान, मध्य प्रदेश, हरियाणातल्या बातम्या, मग ११ जानेवारीला परभणी जिल्ह्यातलं मुरुंबा. दिल्लीने गाझीपूरची कोंबड्यांची मंडी बंद केली. इकडे आपल्या गावात काही नसताना भाव पडला. लोकांनी खाणं सोडलं की अंडं थांबत नाही. कोंबडी काही बातम्या बघत नाही, ती रोज देतेच. माल साचतो आणि ज्याच्याकडे साचला तो मिळेल त्या भावात काढतो. अशाच एका दुसऱ्या होलसेलवाल्याने मला गाठलं. नाव घेत नाही. आबांपेक्षा शेकड्याला चाळीस रुपये कमी. माझी विक्री निम्म्यावर आलेली, गाळ्याचं भाडं थकलेलं. मी दहा पेट्या उचलल्या. माल कुठला, विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

पहिल्या चार पेट्या बऱ्या गेल्या. पाचवीत अंडी हातात हलकी लागायला लागली. शनिवारी रात्री दुकानात आठ-दहा गिऱ्हाईक, कांदा-मिरची तव्यावर, मी घाईत अंडं थेट तव्यावर फोडलं आणि जो वास सुटला! पांढरं पाण्यासारखं पसरलं, पिवळं हिरवट. एक ड्रायव्हर ताट तसंच ठेवून उठला, बाकीचे त्याच्यामागे. तवा तीनदा घासला तरी वास जाईना. रात्री उरलेली अंडी बादलीत पाण्यात टाकून बघितली, ट्रेमागे सहा-सात उभी राहिली, दोन तर तरंगली. कुठेतरी किती दिवस थंड्यात दडवून ठेवलेला माल होता कोण जाणे. चाळीस रुपये स्वस्त.

सोमवारी गुपचूप आबांकडे गेलो. जाताना रिकामे ट्रे घेऊन गेलो, त्यात त्या दुसऱ्याचेही मिसळलेले. गाडी पट्ट्यापाशी आली आणि आबा आतूनच ओरडले, "हाई ट्रे कथाइन आनात?" म्हणजे, हे ट्रे कुठून आणलेस?

मी म्हटलं, तुमचेच आहेत.

आबांच्या ट्रेंच्या कडेला तापल्या सळईने केलेली खूण असते. ते बाहेर आले, चपलेच्या टोकाने ट्रे वेगळे केले. खुणेचे चार, बिनखुणेचे सोळा. गाडी पट्ट्याच्या आत घेऊ दिली नाही. सगळे वीस ट्रे नाल्याकडेला नेऊन माझ्याच हाताने ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून घेतले, आणि गाडीची चाकंही. रस्त्यावरची माणसं बघत होती. पंचेचाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, नाल्यावर बसून ट्रे घासतोय. मला इतका राग आला होता की उधारी चुकती करून कायमचं तोंड फिरवायचं ठरवलं. पैसे नव्हते म्हणून राहिलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू निघाला. पंधरा वर्षांनी, त्याच गावात. या वेळी दुसरा प्रकार, एच-५-एन-८. पुन्हा पांढरे सूट, पुन्हा खड्डे, लाखो कोंबड्या. आबांच्या पाटीवर खालच्या ओळीतलं 'नवापूर' आधीच पुसलेलं होतं. परभणीची बातमी आली त्याच आठवड्यात त्यांनी माल हैदराबादकडून घ्यायला सुरुवात केली होती. लांबचा रस्ता, डिझेल जास्त, शेकड्याला महाग. बाजारात सगळे भाव पाडत असताना हा माणूस महाग माल आणत होता, आणि आम्ही त्याला वेडा म्हणत होतो.

जो एक तारा देऊन गेलाय त्याला मला मुख्य सांगायचंय ते पुढचं आहे. रोग आला की अंडं स्वस्त होतं, हे सगळ्यांना दिसतं. महाग कधी होतं ते कुणी लक्षात ठेवत नाही, कारण तोवर बातमी शिळी झालेली असते. आबांनी मला ते बोटांवर मोजून दाखवलं होतं. शेड रिकामी झाली. साफसफाई, औषध, तपासण्या, काही महिने मोकळी ठेवायची. मग पिल्लू टाकायचं. अंड्याची कोंबडी अठरा ते वीस आठवड्यांची झाल्याशिवाय अंड्यावर येत नाही. म्हणजे फेब्रुवारीत रिकामी झालेली शेड दिवाळीच्या आसपास हळूहळू अंडं द्यायला लागली तर नशीब. यात ज्यांच्याकडे रोग आलाच नाही ते शेतकरीही धरा. भाव खाद्याच्या खर्चाखाली गेला म्हणून त्यांनी जुन्या कोंबड्या लवकर काढल्या, नवीन पिल्लांची ऑर्डर दिलीच नाही. आधीच्या वर्षी कोरोनाच्या आवईत ज्यांचं कंबरडं मोडलं ते तर परत उभेच राहिले नाहीत. चिकनवाल्याचं चक्र चाळीसेक दिवसांचं, तो लवकर सावरतो. अंडेवाल्याला वर्ष लागतं.

त्या पावसाळ्यात तसंच झालं. शेकड्यामागे शंभरच्या वर रुपये चढले. सगळा दोष रोगाचा नव्हता, हेही सांगतो. सोयाबीन त्या वर्षी आभाळाला भिडलं होतं आणि पेंडीशिवाय कोंबडीचं खाद्य होत नाही. ऑगस्टमध्ये केंद्राला १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, सोयाबीनची पेंड बाहेरून आणायची परवानगी द्यावी लागली. आमच्या भागात सोयाबीन लावणाऱ्यांनी त्यावर शिव्या घातल्या, पोल्ट्रीवाल्यांनी पेढे वाटले. एकाच बांधावरचे दोघे.

माल कमी पडायला लागला तसा आबांनी वाटप लावलं. काळ्या पाटीवर तिसरी ओळ आली: 'प्रत्येकाला ठरल्याप्रमाणे.' मी दोन पेट्या मागितल्या, एक मिळाली. माझ्या पुढे मेस चालवणाऱ्या मावशी होत्या, त्यांना पूर्ण तीन. मी म्हटलं, आबा, हा कुठला न्याय? मी तुमचं १७ वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी लाल कापडात बांधलेली वही काढली आणि जानेवारीचं पान उघडलं. १६ तारखेपासून २४ पर्यंत माझ्या नावापुढे काही नाही. मावशींच्या नावापुढे रोज तीन, भाव पडलेला असतानाही, माझ्या त्या चाळीस रुपयांच्या काळातही. आबा एक अक्षर बोलले नाहीत. वही बांधून ठेवली. मी दोन आठवडे एका पेटीवर काढले, रात्री साडेनऊलाच 'भुर्जी संपली'ची पाटी लावून. तिसऱ्या आठवड्यापासून दोन मिळायला लागल्या, आणि ज्याने मला स्वस्त दिली होती तो तोपर्यंत फोनच उचलत नव्हता.

या वाटपात एक गोष्ट मला अजून खटकते, ती लिहितो. एका नवीन पोराने त्याच महिन्यात आमच्याच रस्त्यावर अंडा-रोलची गाडी टाकली होती. त्याचं वहीत जुनं पानच नव्हतं. त्याला आबांनी महिनाभर एक ट्रे दिला, तीस अंडी, त्यात तो काय धंदा करणार? गाडी बंद पडली. रोग आला नसता तर चालली असती कदाचित. आबांना मी एकदा बोललो तर म्हणाले, त्याला मी कुठून देऊ, तुझ्यातलं देऊ? मी गप्प बसलो. माझ्याकडेही उत्तर नव्हतं, पण म्हणून ते बरोबर होतं असं मला वाटत नाही.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. मागच्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, त्याने फोनवर सांगितलं की तिकडे डझन अंडी सरासरी सव्वासहा डॉलरच्या घरात गेली. बर्ड फ्लूच, २०२२ पासून ठाण मांडून बसलेला. काही दुकानांत माणशी एकच डझन. वॅफल हाउस नावाची रस्त्याकडेच्या खाणावळींची मोठी साखळी आहे तिकडे, त्यांनी तर प्रत्येक अंड्यामागे बिलात ५० सेंट जादा लावले. भाचा म्हणाला, मामा, तुम्ही का नाही लावत? मी त्याला म्हटलं, बाबा, मी प्लेटला पाच रुपये वाढवले तर ड्रायव्हर लोक ताट ठेवून माझ्या अंगावर येतात. आबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तिकडे ट्रे कसले वापरतात? भाच्याला विचारून सांगायचं राहून गेलंय.

नेमकं त्याच सुमारास इकडेही सुरू होतं. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले, उरणजवळ चिरनेरला कोंबड्या, मग फेब्रुवारीत आंध्रातले गोदावरीचे जिल्हे. आपल्या राज्याला रोज सव्वादोन कोटींच्या वर अंडी लागतात आणि त्यात एक कोटीची तूट असते असं पशुसंवर्धन खात्याने २०२३ ला सांगितलं होतं. ती तूट भरते तेलंगणा, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूच्या गाड्यांनी. गोदावरीला कोंबडी शिंकली की पाचकंदीलला पाटी बदलते. या वेळी मी खालची ओळ रोज वाचत होतो. माल 'नाशिककडचा' झाला त्या दिवशी न विचारता भाव दिला.

आता उणं काय ते सांगतो, नाहीतर आबांनी पैसे देऊन लिहून घेतलं म्हणाल. डेपो सकाळी सातला उघडतो आणि साडेअकराला बंद, उन्हाळ्यात अकरालाच. त्यानंतर शटर बडवलंत तरी उपयोग नाही. क्यूआर कोड मुलाने लावलाय, पण आबांचा त्यावर भरवसा नाही. पैसे आल्याचा आवाज झाला तरी मुलाला वरून खाली बोलावून खात्री करतात. अंडं लहान निघालं तर बदलून मिळत नाही, तडकलेलं मिळतं, तेही त्यांच्यासमोर डब्यावर दाखवलं तर. गावठी अंडी ठेवतात पण ती खरंच गावठी आहेत का, याची मला खात्री नाही, रंग बघून मी घेत नाही. घरपोच सेवा नाही. पार्किंग नाही. बोलणं तर तुम्हाला कळलंच आहे.

आणखी एक. आबा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, हात थरथरतो, बल्बसमोर अंडं धरताना हल्ली दोन्ही हात लागतात. मुलगा धंद्यात आहे पण त्याला डबा नको वाटतो, वेळखाऊ म्हणतो. मागच्या महिन्यात एकदा आबा आजारी होते आणि मुलगा काउंटरवर होता. पाटीवर भाव होता, खालची ओळ रिकामी होती. मी विचारलं तर म्हणाला, काका, कोण वाचतं ते. मी तिथेच उभा राहिलो. मग त्याने कुठेतरी फोन लावला आणि खडूने 'हैदराबाद' लिहिलं. अक्षर बापापेक्षा चांगलं आहे.

चार तारे. पाचवा उधारीवर ठेवतो, नवीन पोराच्या त्या गाडीसाठी.

जाणार असाल तर दहाच्या आत जा. ट्रे धुऊन, कोरडे करून न्या, दुसऱ्याचे मिसळू नका, ओळखतात. गाडी पट्ट्याच्या बाहेर लावा. आणि माझं नाव सांगितलंत तर दोन रुपये कमी होतील असं समजू नका, माझे गेल्या महिन्याचे सव्वातीन हजार अजून द्यायचे आहेत.